गवताच्या पेंढीचे ऋण

वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी घरधन्यापेक्षा बैलाचा मान मोठा. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवायची, झूल चढवायची, तोरणाखाली उभे करायचे, झडत्या म्हणायच्या आणि मग घरोघरी ओवाळून त्याला पुरणपोळीचा घास द्यायचा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले फुलसावंगी गाव त्याला अपवाद नाही. मात्र पोळा एक दिवसाचा असतो. उरलेल्या दिवसांत बैलाच्या पुढ्यात काय घालायचे, हा कास्तकाराचा खरा प्रश्न असतो. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार संपले की त्याची नजर आपसूक रानाकडे वळते. रानात गवत उभे असते. ते गवत कोणाचे?

प्रश्न साधा वाटतो. परंतु १९३० साली याच मुलुखात या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी माणसांना तुरुंगात जावे लागले. विळा घेऊन रानात शिरायचे, मूठभर गवत कापायचे आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन व्हायचे, असा तो लढा होता. इतिहासात त्याची नोंद ‘जंगल सत्याग्रह’ या नावाने आहे. फुलसावंगीचा परिसर तेव्हा पुसद तालुक्यात मोडत असे आणि वऱ्हाडातील या लढ्याला प्रारंभ झाला तो पुसदलाच. दांडीच्या मिठाची कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुसदच्या गवताची कथा मात्र जिल्ह्याबाहेर फारशी कोणी सांगत नाही. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत ती आली, तरी तुरुंगात कोण गेले एवढेच सांगून वक्ते थांबतात. ते तुरुंगात कशासाठी गेले, शेतकऱ्याचे मागणे काय होते आणि त्या मागण्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. ते विचारणे आज अधिक निकडीचे झाले आहे. का, ते ओघाने येईलच.

सारा कोणाच्या खिशात?

या भूमीतील असंतोषाची मुळे १९३० च्या बरीच मागे जातात. वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होते, पण निजामाची तिजोरी त्याच्या हातात राहिली नव्हती. कंपनी सरकारने मैत्रीच्या तहांच्या नावाखाली हैदराबादवर आपली फौज लादली होती आणि तिचा पगार निजामाने द्यायचा होता. तो भागविण्यासाठी दिवाण चंदूलाल यांनी कर्जे काढली. १८१४ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने जबर व्याजाने पैसा पुरविला आणि तारण म्हणून महसुलाची हमी घेतली. १८४० च्या दशकात हीच गोष्ट पेस्तनजी मेहेरजी यांच्या पेढीच्या बाबतीत घडली. वऱ्हाडचा महसूल पुन्हा एकदा सावकाराच्या हवाली झाला.

सावकाराला किंवा इजारदाराला गावाशी काय देणेघेणे? मक्त्याची मुदत संपण्यापूर्वी गुंतविलेला पैसा व्याजासह वसूल करायचा, एवढेच त्याचे गणित. पाऊस पडो वा न पडो, विहिरीचा गाळ निघो वा न निघो, त्याची मागणी कमी होत नसे. काळ्या मातीची, सोन्यासारखी पिकणारी ही जमीन ओस पडण्याचे एक मोठे कारण हा इजारा होता.

याच काळात पैनगंगेच्या पलीकडे, हदगाव परिसरात हटकर नाईकांनी बंडाचा झेंडा उभारला. त्यांचे पुढारी नौसाजी नाईक नोव्हाच्या गढीत अरब शिबंदीसह ठाण मांडून बसले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेने, मेजर पिटमन यांच्या नेतृत्वाखाली, जानेवारी १८१९ मध्ये गढीला वेढा घातला आणि मोठ्या रक्तपातानंतर ती घेतली. हा निव्वळ शेतकऱ्यांचा उठाव होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. घाटांच्या रखवालीचे हक्क, वतने आणि नाईकांचे स्थानिक वर्चस्व हेही त्या संघर्षाच्या मुळाशी होते. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते. राजधानीत बसून महसुलाचे सौदे होत होते, तेव्हा डोंगरातील माणूस ते मुकाट्याने मान्य करायला तयार नव्हता.

१८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाडच आपल्या ताब्यात घेतले. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने हा प्रांत कायमच्या पट्ट्यावर लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. शेतमालक बटाईने शेत देतो, तसा अख्खा प्रांत खंडाने दिला-घेतला गेला. ज्यांच्या घामावर हा व्यवहार चालला होता, त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही.

आखीव जमीन, राखीव रान

इजारदारी गेली आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, हे मान्य करायलाच हवे. शेतांची मोजणी झाली, नंबर पडले, शेतकऱ्याच्या नावे खाते झाले, साऱ्याचा दर ३० वर्षांसाठी ठरला. लहरी मक्तेदारापेक्षा ठराविक सारा बरा, असे अनेकांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. या व्यवस्थेतील फास मात्र वेगळा होता. सारा रोखीत द्यायचा होता आणि ठरलेल्या हप्त्याला द्यायचा होता. रोख पैशासाठी कापूस पेरायचा. कापसाचा भाव खामगाव-अमरावतीच्या बाजारात कळत असला, तरी तो ठरत असे लिव्हरपूल-मँचेस्टरच्या गरजेनुसार. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाडात पैशाचा पूर आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या दिवसांत शब्दशः खरी वाटली असेल. यादवी संपली, भाव उतरले आणि तेजीत काढलेली कर्जे शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने उरलीसुरली शक्तीही शोषली. १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, यापेक्षा बोलका पुरावा तो कोणता?

शेताची मोजणी झाली, तशीच रानाचीही झाली. वऱ्हाडातील सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्ग इमारती लाकूड आणि जळणासाठी, ‘ब’ वर्ग गवताच्या राखीव रमण्यांसाठी आणि ‘क’ वर्ग चराईसाठी. वऱ्हाडातील गावाच्या दफ्तरात मोफत चराईच्या जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. तो शब्द याच वर्गवारीच्या परंपरेतला. कागदावर सारे नीटनेटके होते. पण गाव आणि रान यांच्यात तोवर कागदाची भिंत नव्हती. गुराखी सकाळी ढोरे हाकीत रानात जाई. वखराचा दांडा, जूचे लाकूड, कुडाच्या काड्या, छपराचे गवत, मोहाची फुले आणि जळण, सारे तिथूनच येई. अंध, गोंड आणि कोलाम यांचे तर सारे जीवनच रानाच्या आधाराने चाले. गुरे राखून जगणाऱ्या बंजारा तांड्यांचीही तीच स्थिती. कोणते झाड तोडायचे नाही, कोणत्या देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही, याचे गावाचे नियम होते. ते नियम पाळणाऱ्या माणसालाच नव्या कायद्याने परका ठरविले.

चराईसाठी गुरामागे शुल्क आले. गवत कापायचे तर पैसे भरून परवाना घ्या. परवान्याविना गुरे आत गेली की ती कोंडवाड्यात जात आणि दंड भरल्यावाचून सुटत नसत. दंडाचे पैसे नसले की कर्ज, आणि कर्जासाठी शेत गहाण. रानातला पहारेकरी हा सरकारी उतरंडीतील सर्वांत खालचा नोकर. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच सरकार होता. मुंबई आणि दिल्लीच्या इंग्रजाला पुसदच्या खेड्यातील माणसाने कधी पाहिले नव्हते. त्याचे राज्य त्याला दिसे ते कोंडवाड्याच्या दारात.

म्हणून चराईची पट्टी हा वेगळ्या वेषातील साराच होता. शेतसारा जमिनीवर होता. ही पट्टी जमीन कसणाऱ्या बैलावर आणि दुधाच्या गाईवर होती. एकाच कुणब्याकडून दोनदा वसुली करण्याचा हा प्रकार होता.

मिठाचा प्रांत नव्हे

१९३० चा मार्च-एप्रिल उजाडला आणि दांडीच्या यात्रेने देश ढवळून निघाला. वऱ्हाडातील कार्यकर्त्यांपुढे मात्र व्यावहारिक अडचण होती. या प्रांताला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला खरा, पण तो प्रतीकापुरताच. पुसदच्या कास्तकाराला मिठाचा कर नकोसा असला, तरी त्याची रोजची बोच वेगळीच होती.

ही बोच ओळखली लोकनायक बापूजी अणे यांनी. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे माधव श्रीहरी अणे हे लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सरकारचाच दुष्काळ संहितेचा कायदा समजावून सांगितला होता आणि पीक बुडाले असता घरदार विकून सारा भरू नका, असे बजावले होते. राजकारण शेतकऱ्याच्या बांधावरून सुरू करावे, हा टिळकांचा धडा. त्या तालमीत घडलेल्या अणे यांनी मिठाऐवजी गवत निवडले, ही त्यांची खरी दूरदृष्टी.

वेळही तशीच होती. १९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी सुरू झाली आणि कापसाचे भाव कोसळले. सारा आणि चराई मात्र जुन्याच दराने रोखीत द्यायची. भाव निम्म्यावर आला की तेवढाच सारा भरण्यासाठी दुप्पट कापूस विकावा लागतो, हे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या आधी शेतकऱ्याला कळते. दोनच वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, गुजरातेतील बारडोलीने वाढीव साऱ्याला नकार दिला होता. सुमारे २२ टक्क्यांची वाढ चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास आणण्यास सरकारला भाग पडले. संघटित शेतकरी सरकारला हिशेब बदलायला लावू शकतो, याचा दाखला ताजा होता.

१० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानात गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक होऊन कारावासाची शिक्षा झाली. केंद्रीय विधिमंडळ गाजविलेला, संस्कृतचा व्यासंगी असलेला एक विद्वान हाती विळा घेऊन गवत कापतो, हे दृश्य त्या काळच्या खेडुताच्या मनावर केवढे ठसले असेल! ज्या कामासाठी शेतकऱ्याला चोर म्हटले जाई, तेच काम लोकनायकाने उघड्यावर, दिवसाढवळ्या केले. चोरीचा कलंक त्या एका कृतीने पुसला गेला.

२१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात दुसरी तुकडी उतरली. तिचे नेतृत्व डॉ. केशव बळिराम हेडगेवार करीत होते. आप्पाजी जोशी, दादाराव परमार्थ असे सहकारी त्यांच्यासमवेत होते. सत्याग्रहाला निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविली होती. संघटना म्हणून संघ या सत्याग्रहात उतरला नव्हता. डॉक्टर व्यक्तिशः गेले आणि ज्यांची इच्छा होती त्यांनीही तसेच जावे, अशी त्यांची भूमिका होती. न्यायालयाने त्यांना एकूण ९ महिन्यांची शिक्षा दिली आणि ती त्यांनी अकोल्याच्या कारागृहात भोगली. या वस्तुस्थितीत काही मिसळण्याची किंवा तीतून काही वगळण्याची गरज नाही. आहे तशीच ती पुरेशी बोलकी आहे.

पाहता पाहता ही ज्वाला पसरली. १ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातील तळेगावच्या जंगलात सत्याग्रह झाला. नाशिककडे बागलाण, सांगलीकडे बिळाशी, कुलाब्यात चिरनेर, मध्य प्रांतात बैतूल आणि शिवनी येथे शेतकरी व वनवासी हजारोंच्या संख्येने रानात शिरले. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर आणि ९ ऑक्टोबरला शिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मीठ समुद्रकाठीच बनत होते. गवत मात्र देशात सर्वत्र उगवत होते. म्हणूनच या लढ्याची व्याप्ती खेड्यापाड्यांत इतकी खोलवर गेली.

दोन अपुरी वाचने

या लढ्याचे आजवर दोन प्रकारे वाचन झाले आणि दोन्ही अपुरी आहेत. डाव्या विचारांचे अभ्यासक त्यात केवळ आर्थिक संघर्ष पाहतात. चराईची पट्टी, जंगलखात्याचा जाच, मंदी, एवढे सांगितले की त्यांच्या दृष्टीने उलगडा झाला. अणे यांच्यासारखे वकील, डॉक्टर, सुखवस्तू घरांतील तरुण, ज्यांच्या दारी एकही बैल नव्हता, ते गवतासाठी तुरुंगात का गेले, हे त्यांच्या मांडणीत बसत नाही. कुठलीही पट्टी न भरणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पट्टीसाठी शिक्षा भोगावी, यामागे जी भावना लागते तिला राष्ट्रभावना म्हणतात.

दुसरे वाचन राष्ट्रीय विचारांच्या मंडळींचे. त्यांनी सत्याग्रहींची नावे जपली, कारावासाच्या तारखा जपल्या, पण गवत विसरले. जंगल हे जणू केवळ कायदा मोडण्यासाठी मिळालेले एक सोयीचे ठिकाण होते, अशा थाटात हा प्रसंग सांगितला जातो. चराईचा दर काय होता, कोंडवाडा म्हणजे काय, तांड्यावरच्या बंजाऱ्याला ‘अ’ वर्गाचे जंगल बंद झाले म्हणजे त्याचे काय हाल झाले, याचा उल्लेखही नसतो. चरित्रग्रंथांत लोहारा येतो, पण लोहाऱ्याचा शेतकरी येत नाही.

वस्तुतः १९३० चे सामर्थ्य दोन्ही धागे एकत्र विणले गेले यात होते. १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्याने सावकाराच्या वह्या जाळल्या. त्याचा संताप खरा होता, पण त्या संतापाला राष्ट्रीय दिशा मिळाली नव्हती. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या हृदयात दुष्काळाने पोळलेल्या देशाची वेदना धगधगत होती, परंतु कुणब्याचा अख्खा समाज त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही. एका ठिकाणी जनता होती आणि नेतृत्व नव्हते, दुसऱ्या ठिकाणी नेतृत्व होते आणि जनता दूर होती. पुसदच्या रानात सुशिक्षिताचा विळा आणि शेतकऱ्याचा विळा एकाच गवतावर चालला. हे घडायला अर्धे शतक लागले.

करारात जंगल नव्हते

मात्र या कथेचा शेवट सुखद नाही. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रह थांबला, कैदी सुटले. मिठागरांच्या परिसरातील ग्रामस्थांना घरापुरते मीठ गोळा करण्याची वा बनविण्याची सवलत करारात मिळाली. जंगलाच्या वाट्याला तशी सवलत आली नाही. समुद्रकाठच्या माणसाच्या पदरात निदान काहीतरी पडले. रानाकाठचा माणूस तुरुंगातून सुटून आला तेव्हा रान तसेच राखीव होते, पट्टी तशीच होती आणि पहारेकरीही तोच होता.

१९४७ साली स्वातंत्र्य आले. अणे पुढे बिहारचे राज्यपाल झाले. १९६८ साली ‘पद्मविभूषण’ हा सन्मान त्यांच्या नावे जाहीर झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. राज्य बदलले, ध्वज बदलला. १९२७ चा भारतीय वन कायदा मात्र स्वतंत्र भारतात तसाच चालू राहिला आणि दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. इंग्रजाने रानाचा मालक म्हणून सरकारला बसविले होते. स्वकीयांच्या सरकारने ती गादी सोडली नाही. परकीय सत्तेच्या साच्यातून बाहेर पडण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. रस्त्यांची आणि इमारतींची नावे बदलतात, दंडविधानाच्या जागी २०२४ पासून न्यायसंहिता आली. मग ज्या वृत्तीच्या विरोधात १९३० साली विळे उचलले गेले, ती वृत्ती जपणाऱ्या या कायद्याकडे कोणाचे लक्ष का जात नाही?

गुन्ह्याचा कागद, हक्काचा पुरावा

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा संमत केला. पिढ्यान् पिढ्या वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क, तसेच चराई, गौण वनोपज आणि जंगलाचे रक्षण-व्यवस्थापन यांचा सामूहिक हक्क त्याने मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. गावाच्या हाती रान दिले तर ते उजाड होईल, ही भीती मेंढ्याच्या ग्रामसभेने खोटी ठरविली.

आता कायद्यातील एक अट पाहावी. अनुसूचित जमातींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा वास किंवा ताबा पुरेसा आहे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करणाऱ्यांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण वनक्षेत्रात राहून वनावर अवलंबून होतो हे सिद्ध करावे लागते. पुसद-महागाव-उमरखेड भागातील अंध, गोंड आणि कोलाम पहिल्या गटात येतात. बंजारा, हटकर, कुणबी आणि इतर सारे दुसऱ्या गटात.

२००५ मधून ७५ वजा केले तर कोणते साल येते? १९३०!

ज्या वर्षी या भागातील माणसाला गवत कापल्याबद्दल चोर ठरविले गेले, नेमक्या त्याच वर्षाचा पुरावा स्वतंत्र भारताचा कायदा त्याच्या नातवाकडे मागत आहे. ‘तुझा आजोबा १९३० साली या रानावर अवलंबून होता, हे दाखव.’ नातू बिचारा काय दाखविणार? आजोबाला अक्षरओळख नव्हती. चराईच्या पावत्या घराच्या छपराबरोबर केव्हाच कुजून गेल्या. अशा दाव्यांना पुराव्याअभावी नकाराचा शिक्का मिळतो.

परंतु पुरावा आहे आणि तो सरकारनेच निर्माण केलेला आहे. वनहक्काच्या नियमांनी कोणते पुरावे ग्राह्य धरावेत हे सांगितले आहे. त्यांत गॅझेटियर आणि शासकीय अभिलेख आहेत, वडीलधाऱ्यांची निवेदने आहेत आणि न्यायालयीन अभिलेख व निकालही आहेत. चराईच्या पट्टीवरून आणि गवतावरून शेतकरी कायदा मोडायला निघतो, ही घटनाच त्याचे जीवन त्या रानावर अवलंबून होते याची साक्ष नव्हे काय? १९३० च्या खटल्यांचे निकाल, तुरुंगांच्या नोंदवह्या, कोंडवाड्यांच्या दंडाच्या नोंदी, वनखात्याचे अहवाल, यांपैकी जे जे अभिलेखागारांत टिकले असेल ते शोधून, मराठीत आणून, ग्रामसभांच्या हाती दिले पाहिजे. आजोबाच्या गुन्ह्याचा कागद नातवाच्या हक्काचा पुरावा ठरावा, याहून न्याय्य परतफेड कोणती?

यात शासनाचे जसे कर्तव्य आहे तसे समाजाचेही आहे. जंगल सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांनी पुतळ्याला हार घालून थांबू नये. गावोगावी जाऊन दावे लिहून देणे, ग्रामसभेचे ठराव नीट करून घेणे, जुने दफ्तर धुंडाळणे ही कामे शांतपणे, प्रसिद्धीविना करण्याजोगी आहेत. निष्ठेने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा या देशात तुटवडा नाही. त्यांची पावले अशा कामाकडे वळायला हवीत, एवढेच.

आणि गावानेही आरशात पाहिले पाहिजे. ई-क्लासच्या जमिनींवर अतिक्रमणे कोणी केली? गायरानाचा लचका तोडणारे हात पुष्कळदा गावातलेच असतात. सरकारने रान बळकावले याचा राग जेवढा रास्त, तेवढीच शेजाऱ्याने गायरान बळकावल्याची लाज वाटायला हवी. हक्काबरोबर रान राखण्याची जबाबदारीही येते. पूर्वजांची देवराई कोणत्याही कायद्याविना टिकली होती, ही आठवण त्यासाठी पुरेशी आहे.

शेतकऱ्याच्या इतर यातना याने संपणार नाहीत, हे खरे. यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज पंतप्रधानांनी जाहीर केले, त्यात हा जिल्हा होता. कापसाचा भाव आजही त्याच्या हाती नाही. २०२५ मध्ये आयात कापसावरील ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी माफ झाले, तो निर्णयही त्याला विचारून झाला नाही. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी तो रात्र रात्र जागल करतो. रान त्याच्या पिकावर हक्क सांगते, पण त्याला रानावर हक्क सांगता येत नाही. निदान हा एक हिशेब तरी सरळ करता येण्याजोगा आहे.

दरवर्षी १० जुलै येतो. त्या सुमारास पुसदच्या डोंगरांवर नवे गवत उगवलेले असते. काही आठवड्यांनी पोळा येतो आणि फुलसावंगीत सजलेले बैल तोरणाखाली उभे राहतात. त्या बैलांच्या पुढ्यातील गवताच्या पेंढीसाठी कधी काळी विद्वानांनी आणि अडाण्यांनी मिळून तुरुंगवास पत्करला होता. ते ऋण अजून फिटलेले नाही. ते फेडण्याची वाट कायद्यानेच दाखविली आहे. त्या वाटेने चालायला आता कोणाच्या परवान्याची गरज नाही.